वासना

श्रीवर्धन तालुक्यातल्या हरिहरेश्वरला दक्षिण काशी म्हणतात. अस्थिविसर्जनाला, पिंडदानाला लोक इथे लांबून येतात. पिंडाला कावळा शिवेना, की कुणीतरी हमखास म्हणतं, "वासना अडकलीय." मग मुलाचं लग्न, घराची वाटणी, जे आठवेल त्याचं वचन द्यायचं. कावळ्याला बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं.

या 'वासने'त कामुकता मुळीच नाही. आजारी माणसाची 'अन्नावरची वासना उडते' तेव्हाही नसते. पतंजलींच्या योगसूत्रांत, कैवल्यपादात, वासना म्हणजे कर्मांचा आणि अनुभवांचा चित्तात मुरलेला ठसा. मध्ये जन्म लोटले तरी तो पुसला जात नाही. मराठी 'वास'चे दोन्ही अर्थ तिला लागू पडतात: राहणं आणि गंध. हिंग संपला तरी डबीत उरतो, तसं हे उरणं.

तिच्या भावंडांचीही गंमत आहे. वैशेषिक दर्शनाच्या तत्त्वज्ञांनी संस्काराचे तीन प्रकार मानले: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. त्यांतली भावना म्हणजे आठवण जागवणारा ठसा. आपण तिला हळवेपणात ढकललं. वैद्य मात्र चूर्ण रसात पुन्हापुन्हा घोटतात, त्याला आजही 'भावना देणं'च म्हणतात. तिसरा प्रकार 'स्थितिस्थापकता' होऊन थेट शाळेच्या विज्ञानात गेला, आणि 'संस्कार' उन्हाळी शिबिरांच्या फलकांवर.

वासनेच्या वाट्याला मात्र 'वासनांध' आला. वर्तमानपत्री मथळ्यांनी एका चांगल्या शब्दाचं इतकं नुकसान क्वचितच केलं असेल.