एकाग्रता (अध्यात्म)

एकाग्रता : चित्त एकाच आलंबनावर टिकून राहण्याची अवस्था व ती अंगी बाणवण्याची साधना. हिंदू तत्त्वविचारात एकाग्रता ही मनाची केवळ एक शक्ती नाही. तिला सद्गुणाचे आणि तपाचे स्थान आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीवर भाष्य करताना शंकराचार्यांनी मन व इंद्रिये यांच्या एकाग्रतेला श्रेष्ठ तप मानणाऱ्या स्मृतिवचनाचा आधार घेतला आहे. या गुणाचे मराठी परंपरेतील ठळक उदाहरण परभणी जिल्ह्यातील गंगाखेडशी जोडलेले आहे. गोदावरीकाठच्या या गावी जन्मलेल्या संत जनाबाई दळणकांडण, झाडलोट, शेण्या थापणे अशी कामे करीत असताना नामात चित्त राखीत.

शास्त्रीय स्वरूप : कठोपनिषदात इंद्रियांना घोड्यांची, मनाला लगामाची व बुद्धीला सारथ्याची उपमा दिली असून इंद्रियांच्या स्थिर धारणेलाच योग म्हटले आहे. मुंडकोपनिषदात प्रणव हे धनुष्य, आत्मा हा बाण आणि ब्रह्म हे लक्ष्य आहे. न चुकता वेध घ्यायचा तर साधकाने प्रमाद टाळला पाहिजे. भगवद्‌गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन, जागा व बैठक यांचे नियम सांगून मन एकाग्र करण्याचा उपदेश येतो. मन वाऱ्यासारखे अनावर असल्याची तक्रार अर्जुन करतो, तेव्हा श्रीकृष्ण अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगतो. गीतेच्या अखेरीस, हे सर्व एकाग्र चित्ताने ऐकलेस ना, असा प्रश्न तो अर्जुनाला करतो. म्हणजे एकाग्रता ही ध्यानाइतकीच श्रवणाचीही अट ठरते.

पतंजलींच्या योगसूत्रांवरील व्यासभाष्यात चित्ताच्या क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र व निरुद्ध अशा पाच भूमी सांगितल्या आहेत. यांपैकी शेवटच्या दोनच योगाला उपयोगी मानल्या जातात. पतंजलींच्या मांडणीत चित्त एका ठिकाणी बांधणे ही धारणा, त्याच प्रत्ययाचा (जाणिवेचा) अखंड ओघ म्हणजे ध्यान आणि केवळ ध्येयच उरणे म्हणजे समाधी. एकाच विषयावर तिन्ही घडली की संयम होतो. व्याधी, संशय, आळस यांसारखे नऊ विक्षेप ते सांगतात आणि त्यांवर एकाच तत्त्वाचा अभ्यास हा उपाय सुचवतात.

एकाग्रतेची पतंजलींची व्याख्या विशेष महत्त्वाची आहे. मावळलेला प्रत्यय आणि उगवलेला प्रत्यय सारखेच असणे, ही त्यांच्या मते एकाग्रता होय. चित्त येथे थिजत नाही. त्यात वृत्ती उठतच राहतात, मात्र दर वेळी तीच वृत्ती उठते. ही व्याख्या धरली तर जप, नामस्मरण आणि हातातले काम यांचा मेळ कसा बसतो, हे समजणे सोपे जाते.

अद्वैत वेदान्तात साधकाच्या शमादी षट्संपत्तीत (सहा साधनगुणांत) ‘समाधान’ या नावाने हाच गुण येतो. श्रवण व तदनुकूल विषयांत मन लावून ठेवणे, असा त्याचा अर्थ वेदान्तसारात केला आहे. नारदभक्तिसूत्रांत सर्व आचार भगवंताला अर्पण करणे आणि त्याचे विस्मरण होताच जीव कासावीस होणे, हे भक्तीचे लक्षण मानले आहे. योगमार्गात चित्त प्रयत्नाने रोखले जाते. भक्तिमार्गात ते ओढीने टिकते.

गुण आणि कौशल्य : द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुनाला पक्ष्याच्या डोक्यापलीकडे काही दिसत नाही, ही महाभारतातील कथा एकाग्रतेचा दाखला म्हणून नेहमी सांगितली जाते. पण ती धनुर्विद्येतील कौशल्य दाखवते. मासा टिपण्यासाठी एका पायावर उभा राहणारा बगळाही एकाग्रच असतो. म्हणूनच ढोंगी साधनेला मराठीत बकध्यान म्हणतात. एकाग्रता सद्गुण ठरते ती तिचे आलंबन आणि हेतू यांवरून. योगसूत्रे तिची सांगड यमनियमांशी घालतात: शौचाच्या फळांत सत्त्वशुद्धी व प्रसन्नता यांच्याबरोबर ऐकाग्र्याचा उल्लेख येतो, तर मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा यांच्या भावनेने चित्त प्रसन्न होते.

जैन परंपरेने हा भेद अधिक स्पष्ट केला. तत्त्वार्थसूत्रात एका विषयावर चिंतन रोखून धरणे यालाच ध्यान म्हटले असून त्याची कालमर्यादा अंतर्मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटांच्या आतली, सांगितली आहे. ध्यानाच्या आर्त, रौद्र, धर्म्य व शुक्ल या चार प्रकारांपैकी पहिले दोन बंधनाला कारण होतात. दुःखात किंवा हिंसेच्या विचारात मन खिळले तरी ते ध्यानच असते, फक्त घातक असते. परभणी जिल्ह्यात जिंतूरजवळील नेमगिरी या दिगंबर जैन तीर्थातील ध्यानस्थ तीर्थंकरमूर्ती या परंपरेची साक्ष देतात.

मराठी परंपरा : ज्ञानेश्वरीत (शके १२१२, इ. स. १२९०) दोन्ही वाटा आढळतात. सहाव्या अध्यायात आसन, मुद्रा व कुंडलिनी यांसह योगमार्गाचे सविस्तर वर्णन आहे. बाराव्या अध्यायात मात्र, सगळे चित्त देणे जमत नसेल तर आठ प्रहरांत निमिषभर तरी द्यावे, अशी सवलत ज्ञानेश्वर देतात. पुनवेनंतर चंद्रबिंब जसे रोज थोडे घटत जाते, तसे मन विषयांतून हळूहळू बाहेर पडते, असा क्रम ते सांगतात. प्रपंचात बुडालेल्या माणसाला एकाग्रतेचा प्रारंभ कोठून करता येईल, याचे हे व्यवहारी उत्तर आहे.

गंगाखेडच्या वरच्या अंगाला गोदावरीवरच वसलेल्या पैठणच्या एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहून ती शके १४९५ (इ. स. १५७३) मध्ये काशीत पूर्ण केली. त्या स्कंधातील अवधूताच्या चोवीस गुरूंत बाण घडवणारा कारागीर आहे. वाजतगाजत गेलेली राजाची स्वारी त्याच्या ध्यानातही येत नाही. तेथेच भात कांडणारी कुमारिकाही आहे. कांकणांचा आवाज होऊ नये म्हणून ती हातात एकेकच कांकण ठेवते. तिच्याकडून अवधूत एकांत शिकतो. कारागिराचे काम आणि घरातले कांडण यांना येथे गुरुपद मिळाले आहे.

संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी आज हिंगोली जिल्ह्यात असले, तरी १ मे १९९९ पर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होते. गुरुग्रंथसाहिबमध्ये नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतील रामकली रागातील पदात गप्पा मारतानाही दोरीकडे लक्ष ठेवणारा पतंगबाज, डोईवर घागर घेऊन हसत येणाऱ्या मुली, कामात असूनही पाळण्यातील बाळाकडे चित्त असलेली आई अशी चित्रे आहेत. त्याच ग्रंथातील कबीरांच्या श्लोकांत, कापड छापण्यात काय गुंतलास, असे भक्त त्रिलोचन नामदेवांना विचारतो. हातपाय कामात आणि चित्त निरंजनापाशी ठेवावे, असे नामदेव उत्तरतात.

गंगाखेडच्या जनाबाई : जनाबाईंचा काळ तेराव्या-चौदाव्या शतकांतील. आईवडिलांची नावे करुंड व दमा अशी सांगितली जातात. लहानपणीच त्या पंढरपूरला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी कामाला राहिल्या. नामयाची दासी, दासी जनी असा स्वतःचा उल्लेख त्या करतात. त्यांच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग असून ते नामदेवांच्या गाथेतून छापले गेले. मौखिक परंपरेमुळे त्यांतील काहींच्या कर्तृत्वाबद्दल व पाठांबद्दल मतभेद आहेत. परंपरेनुसार त्यांचे निर्वाण १३५० मध्ये झाले. पंढरपूरजवळील गोपाळपूर येथे त्यांचे जाते दाखवले जाते.

दासीला आसन घालून बसण्याइतका वेळ नव्हता आणि स्वतःचा म्हणावा असा कोपराही नव्हता. गीतेच्या सहाव्या अध्यायातील शुद्ध जागा आणि एकांत या अटी तिच्या वाट्याला येणे शक्य नव्हते. जात्याचा एकसारखा फेरा मात्र होता. पहाटेच्या दळणात हात एकाच गतीने फिरतो, घास घालण्यापुरतेच लक्ष कामाला लागते आणि श्वास ओवीच्या लयीत येतो. प्रत्येक फेऱ्याबरोबर तेच नाम पुन्हा उठते. पतंजलींच्या व्याख्येतील सारख्या प्रत्ययांची मालिका येथे श्रमाच्या लयीवर उभी राहते.

जनाबाईंच्या एका प्रसिद्ध अभंगात विठ्ठल चोर म्हणून पकडला जातो. हृदयाचा बंदीखाना करून त्याला आत कोंडले जाते, शब्दांच्या बेडीने जखडले जाते आणि ‘सोहं’चा मार दिला जातो. योगशास्त्रात चित्ताला आलंबनाशी बांधायचे असते. जनाबाई आलंबनालाच चित्तात डांबतात. त्यामुळे मनाला आवरण्याची तक्रार त्यांच्या साधनेत मागे पडते. देवाशी भांडण, लाड, रुसवा आणि हक्क या भावांनीच लक्ष खिळून राहते. घारीचे आकाशात फिरताना पिलांकडे असलेले अवधान त्यांच्या नावावरील अभंगात येते, त्यात मात्र घारीच्या जागी विठ्ठल असून जनी पिलू आहे. अवधान दोन्ही बाजूंनी असते, असा त्याचा आशय.

विठ्ठल जनीला दळू लागतो, वेचू लागतो, तिची वेणी घालतो या कथा सर्वश्रुत आहेत. एका आख्यायिकेत तिचे शेण्यांवरून दुसरीशी भांडण होते. ज्या शेणीला कान लावला असता विठ्ठलनाम ऐकू येते ती जनीची, असा निवाडा लागतो. हा प्रसंग कबीरांच्या साक्षीने घडल्याचे सांगतात. कबीर नंतरच्या काळातील असल्यामुळे ही भेट ऐतिहासिक मानता येत नाही. पण लोकमानसाने एकाग्रतेची कसोटी कामाच्या फळात शोधली, हे या आख्यायिकेतून दिसते.

लोकाचारातील रूपे : जात्यावरील ओव्या ही मराठवाड्यातील स्त्रियांची जुनी परंपरा. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने झालेल्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या असून परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथील ओव्यांचाही त्यांत समावेश आहे. पिठाच्या गिरण्या आल्यावर जाती बाजूला पडली आणि या साधनेचा रोजचा आधारही गेला. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पायी पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड या मार्गाने जाते. तेथे जात्याच्या फेऱ्याची जागा पावलांचा आणि टाळाचा ठेका घेतो.

गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवली जात नाही. विणेकरी पहाऱ्याने उभे राहतात. एकजण थकला की दुसरा वीणा गळ्यात घेतो. एकट्याचे चित्त कधीतरी ढळणारच, हे धरून ही व्यवस्था लावलेली आहे.

मर्यादा : चिखल तुडवताना भजनात रंगलेल्या गोरोबांच्या पायांखाली त्यांचे मूल आले, ही तेरच्या गोरा कुंभारांची कथा आहे. भक्तिपरंपरा तिचा शेवट विठ्ठलकृपेने मूल परत मिळाल्याचे सांगून करते. तरीही एकतानतेत भोवतालचे भान सुटले तर काय ओढवते, याची जाणीव कथेत आहे. नामदेवांच्या घागरवाल्या मुली आणि दळणारी जनी यांच्या उदाहरणांत असा प्रसंग येत नाही: घागर हिंदकळत नाही आणि दळण अडत नाही. हातचे काम नीट होत असताना चित्त ध्येयाला धरून राहणे, हा वारकरी परंपरेने एकाग्रतेच्या शास्त्रीय कल्पनेत घातलेला निकष होय.