शाळा, शाया आणि स्पेलिंगची स्पर्धा

शुद्धलेखनाच्या इतिहासावर पीएचडी करतोय असं सांगितलं की समोरचा माणूस आधी स्वतःचं एखादं वाक्य मनात तपासतो आणि मग विचारतो, ‘त्यात इतिहास कसला? नियम आहेत, पाळायचे.’ या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात सोपं करून सांगता येतं ते एका अमेरिकन माहितीपटाच्या आधाराने. त्याचं नाव ‘स्पेलबाउंड’. जेफ्री ब्लिट्झ यांचा, २००२ सालचा. ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला होता.

१९९९ च्या राष्ट्रीय ‘स्पेलिंग बी’मध्ये उतरलेली आठ मुलं आणि त्यांची घरं, एवढाच त्याचा विषय. मंचावर एकेक मूल येतं, शब्द ऐकतं, अक्षरं एकामागून एक बोलतं. चुकलं की घंटी वाजते, मूल खाली उतरतं. ही स्पर्धा १९२५ पासून चालू आहे. पहिल्या वर्षी ‘ग्लॅडिओलस’ या फुलाच्या नावावर फ्रँक न्यूहाउसर हा मुलगा जिंकला होता. १९९९ ला जिंकली नूपुर लाला, आणि तिचा शेवटचा शब्द होता ‘लोगोरिया’, म्हणजे न थांबता बोलत सुटण्याचा विकार. त्यानंतरच्या वर्षांत भारतीय वंशाच्या मुलांनी ही स्पर्धा इतक्या वेळा जिंकली की २०२० मध्ये ‘स्पेलिंग द ड्रीम’ नावाचा दुसरा माहितीपट खास त्यांच्यावर निघाला. २०१९ ला तर एकदम आठ विजेते झाले आणि त्यांत एक सुखटणकर आडनावही होतं.

‘स्पेलबाउंड’मधल्या दोन गोष्टी माझ्या कामाच्या आहेत. एक, टेक्सासमधली अँजेला. तिच्या मेक्सिकन वडलांना इंग्रजी बोलता येत नाही आणि पोरगी इंग्रजीच्या राष्ट्रीय स्पर्धेत. दुसरी, भारतीय वंशाचा नील. त्याला शब्द येतो ‘दार्जिलिंग’, आणि नेमका तिथेच तो अडखळतो. प्रेक्षक हसतात. पण त्यात हसण्यासारखं खरं तर काही नाही. इंग्रजी स्पेलिंग कानाने येतच नाही, ते डोळ्यांनी आणि पाठांतराने येतं. म्हणूनच मुलं मंचावर ‘हा शब्द कोणत्या भाषेतून आला?’ असं विचारतात. ग्रीक की फ्रेंच हे कळलं तर अक्षरांचा अंदाज लागतो. घरात कोणती भाषा बोलतात याने तिथे फारसं अडत नाही, कारण घरी इंग्रजी बोलणाऱ्यालाही ‘लोगोरिया’ ऐकून लिहिता येत नाही.

(स्पर्धा सगळ्यांना सारखी होती असं मात्र समजू नका. १९३६ मध्ये मॅकनोलिया कॉक्स ही कृष्णवर्णीय मुलगी शेवटच्या पाचांत पोचली होती, तेव्हा तिला वॉशिंग्टनमध्ये इतर मुलांसोबत हॉटेलात राहू दिलं नव्हतं.)

आता आपल्याकडे. मराठी शाळेत शिकताना आपल्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवलेली असते: इंग्रजीत लिहितात एक, वाचतात एक, मराठीत जसं बोलावं तसं लिहावं. त्यामुळे मराठीत स्पेलिंग पाठ करावं लागत नाही. आपल्याकडे असतं ते शुद्धलेखन. या शब्दाचा शाळेतला एक अर्थ तर नुसता ‘रोज एक पान उतरवून आणणे’ असा आहे. दुसरा अर्थ श्रुतलेखनाचा: गुरुजी सांगतात, मुलं लिहितात, ऐकू आलं तसं.

प्रश्न असा, की कुणाला ऐकू आलं तसं?

चोपड्यात बसून या प्रश्नाकडे बघितलं की तो चटकन कळतो. तालुका केळीचा. पण अहिराणी किंवा लेवा बोली बोलणाऱ्या घरात ‘ळ’चा ‘य’ होतो, त्यामुळे केळी ही ‘केयी’ असते, डोळा ‘डोया’ आणि शाळा ‘शाया’. ‘ण’चा ‘न’ होतो, पाणी म्हणजे ‘पानी’. शिवाय गावागावांत गुजरी आहे आणि वर सातपुड्याच्या पायथ्याला पावरा, बारेला घरांमधली बोली आहे, ती तर मराठीपासून आणखी लांबची. ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात घेतलंच नव्हतं. १९०७ साली निघालेल्या भागात ती भिल्ली भाषांसोबत ठेवली आहे. त्याची मांडणी सगळ्यांना पटत नाही, पण खानदेशचा कान वेगळा आहे एवढं त्याला ऐकू आलं होतं.

आता ‘य’ म्हणणाऱ्या मुलाने लिहायचं कसं? ‘जिथे य वाटेल तिथे ळ लिही’ असा नियम करता येत नाही, कारण मग गायीची ‘गाळ’ होईल आणि पायाचा ‘पाळा’. त्याला एकेक शब्द लक्षात ठेवावा लागतो: डोळा ‘ळ’चा, पाय ‘य’चा. मन ‘न’चं, मण ‘ण’चा. दोन अक्षरं आणि कानाला आवाज एकच. म्हणजे हे स्पेलिंगच झालं की! पुण्यातल्या ठरावीक घरातलं मूल जे ऐकून लिहितं, ते चोपड्यातलं मूल पाठ करून लिहितं. आणि चुकलं तर त्याची आठवण चुकली असं कुणी म्हणत नाही, त्याचं बोलणं अशुद्ध ठरतं. अँजेलाचा शब्द चुकला तेव्हा तिच्या बापाची स्पॅनिश कुणी काढली नाही.

पुण्याचा कान प्रमाण कसा झाला, ही माझ्या प्रबंधातली मोठी गोष्ट, इथे थोडक्यात. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि कंपनी सरकारला राज्य चालवायला, पुस्तकं छापायला एक ठरलेली मराठी हवी झाली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ ला आला, दुसरी आवृत्ती १८५७ ला. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. शाळेच्या पुस्तकांची भाषा तपासण्याचं काम मेजर थॉमस कँडी यांच्याकडे बरीच वर्षं होतं. मराठीत विरामचिन्हं रुजवली तीही त्यांनीच. या सगळ्यांच्या हाताशी जे पंडित होते, ते संस्कृत शिकलेले होते. त्यांच्या मराठीबद्दल माझी तक्रार नाही. ती एक बोली होती, तशी बाकीच्यांचीही एक होती, आणि छापखान्यात फक्त एकच गेली.

या लेखनात आणखी एक भानगड होती. कानाला ऐकू न येणारे अनुस्वार. पांच, दांत, कांहीं, नाहीं, तें, झालें. संस्कृतात ‘पञ्च’ आणि ‘दन्त’ म्हणून पाचावर आणि दातावर टिंब. स्पेलिंगच्या स्पर्धेतली मुलं ‘शब्द कुठल्या भाषेतला?’ विचारतात, अगदी तसंच. मूळ माहीत असेल तर टिंब पडणार, नाहीतर नाही. आजोबांच्या जुन्या पत्रांत ही टिंबं भरपूर दिसतील, काही जागेवर आणि काही नुसतीच भीतीपोटी.

१९६१ मध्ये मराठी साहित्य महामंडळ स्थापन झालं. त्याने केलेले १४ नियम १९६२ मध्ये सरकारने मान्य केले, १९७२ मध्ये आणखी ४ जोडले. आज शाळेत चालतात ते हे १८. अनुच्चारित अनुस्वार त्यात गेले. लाखो मुलांचा त्रास एका फटक्यात कमी झाला आणि माझ्या मते मराठी लेखनातली ही सगळ्यात मोठी सुधारणा आहे. पण ‘मूळ कुठलं?’ हा प्रश्न ऱ्हस्व-दीर्घात तसाच राहिला. ‘गरीब’चं ‘गरिबाला’ होतं, ‘शरीर’चं मात्र ‘शरीराला’च राहतं, कारण शरीर तत्सम. कवी दीर्घ, पण कविराज ऱ्हस्व. हे पुण्यातल्या मुलालाही ऐकू येत नाही. इथे सगळेच पाठ करतात. फक्त चोपड्यातल्या मुलाला याच्या आधी ‘ळ’ आणि ‘ण’ पाठ करायचे असतात, आणि तेवढ्याच वेळात.

बहिणाबाई चौधरींचा विषय निघाल्याशिवाय खानदेशात हे बोलणं संपत नाही. जळगावजवळच्या आसोद्यात जन्म, लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्यांनी उतरवून घेतल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये मुलगा सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्यामुळे पुस्तक निघालं. पुढे त्या पाठ्यपुस्तकात आल्या, त्यांच्या बोलीसकट. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आता वर्गातलं चित्र बघा. धड्यातली बोली गोड, तिच्यावर रसग्रहण लिहायचं. त्याच मुलीने उत्तरात तीच बोली लिहिली की लाल शाई. परीक्षकाचाही नाइलाज असतो, त्याच्यापुढे नियम आहेत. त्या नियमांत बोलीरूपांना जागा आहे, पण ती अवतरणात, कुणाच्या तरी तोंडी घातलेल्या वाक्यात. विद्यार्थिनीचं स्वतःचं वाक्य अवतरणात नसतं.

‘शुद्धलेखन’ऐवजी ‘प्रमाणलेखन’ म्हणावं, असं अलीकडे बरेच अभ्यासक म्हणतात. मीही प्रबंधात तोच शब्द वापरतो. प्रमाण म्हणजे ठरवलेलं माप, त्यात कुणी अशुद्ध होत नाही. व्यवहारासाठी एक माप लागतंच, हे मी नाकारत नाही. माझं म्हणणं एवढंच की ते सगळ्यांना शिकवावं लागतं, आणि काहींना ते घरूनच येतं म्हणून ते सोपं आहे असं धरून चालता येत नाही. स्पेलिंगच्या स्पर्धेत निदान शब्द अवघड आहे हे सगळ्यांना मान्य असतं.

आता अहिराणीतही लिहिणारे वाढले आहेत, आणि तिथे हाच प्रश्न नव्याने उभा राहतोय. ‘आहे’साठी कुणी ‘शे’ लिहितं, कुणी ‘से’. दोघंही आपापल्या गावात ऐकू येतं तसंच लिहितात.