‘गेलो होतो’चे इंग्रजी काय?

मध्य प्रदेशातील पांढुर्णा जिल्ह्यात, सौंसर तालुक्यात बोरगाव आहे. या सीमाभागात मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांचा वावर आहे. बोरगावच्या औद्योगिक वसाहतीतील नोकरीसाठी इंग्रजीत अर्ज लिहू पाहणाऱ्या उमेदवारास या दोन्ही भाषा एकाच चुकीकडे नेतात. तीच चूक मराठी भाषक सर्वत्र करतात. भूतकाळाचा अर्थ देणाऱ्या तीन इंग्रजी रूपांतील भेद म्हणूनच नीट जाणून घ्यावा.

साधा भूतकाळ : ‘मी काल नागपूरला गेलो होतो’ यातील ‘होतो’ जाऊन परत आल्याचे सुचवतो, हिंदीतील ‘गया था’ही तेच सांगतो. इंग्रजीत मात्र येथे ‘हॅड गॉन’ नको. काल, गेल्या वर्षी, २०२३ मध्ये असा सरलेला काळ सांगितला की ‘आय वेंट टू नागपूर येस्टरडे’ एवढेच पुरते.

पूर्ण भूतकाळ : ‘हॅड’ हे आधीपणाचे चिन्ह आहे. भूतकाळातील एका घटनेपूर्वीची दुसरी घटना वा स्थिती ते दाखवते. पांढुर्णा जिल्हा २०२३ मध्ये अस्तित्वात आला. त्यापूर्वी सौंसर छिंदवाडा जिल्ह्यात होते. म्हणून ‘बिफोर २०२३, सौंसर हॅड बीन इन छिंदवाडा डिस्ट्रिक्ट’. नुसते ‘आय हॅड अप्लाइड’ लिहिल्यास ‘मग पुढे काय झाले?’ असा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात उरतो.

पूर्ण वर्तमानकाळ : ‘हॅव’ वा ‘हॅज’ भूतकाळाचा धागा आजशी जोडतो. ‘मी काल अर्ज पाठवला आहे’ हे मराठीत चालते. इंग्रजीत ‘येस्टरडे’ आणि ‘हॅव’ एकत्र नांदत नाहीत. ‘आय हॅव सेंट द अ‍ॅप्लिकेशन’ किंवा ‘आय सेंट इट येस्टरडे’ यांपैकी एक निवडावे.

अर्जात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. ‘आय हॅव वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणजे नोकरी अद्याप चालू आहे; ‘आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणजे ती सुटली. एका ‘हॅव’च्या अभावी चालू नोकरी संपलेली ठरू शकते.

कसोटी : लिहिण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. सरलेली वेळ सांगितली आहे काय? असल्यास साधा भूतकाळ. गोष्टीचा संबंध आजशी आहे काय? असल्यास ‘हॅव’. भूतकाळातल्याच दुसऱ्या घटनेच्या आधीचे सांगायचे आहे काय? तरच ‘हॅड’. मराठी वाक्यातील ‘होतो’ पाहून ‘हॅड’ लिहू नये.