लॉस एंजेलिसचा वाटखर्च

आंतरराष्ट्रीय क्रीडासामन्यांचे इतिहास आपण वाचतों ते बहुधा विजयांचे असतात. कोण किती सेकंदांत धावला, कोणीं किती फूट उडी मारली, कोणत्या राष्ट्रास किती सुवर्णपदकें मिळालीं, याची नोंद काटेकोरपणें ठेवलेली असते. परंतु तो धावणारा त्या मैदानापर्यंत पोहोंचला कसा, त्याचें भाडें कोणीं भरलें, आणि भाड्याची सोय न झाल्यामुळें त्याच्याच तोडीचे किती गडी घरीं राहिले, या गोष्टी पदकांच्या कोष्टकांत येत नाहींत. १९३२ सालीं लॉस एंजेलिस येथें भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांचें खरें स्वरूप मात्र जमाखर्चाची वही उघडल्यावांचून कळणें शक्य नाहीं.

हे सामने त्या शहरास द्यावयाचे असें १९२३ सालीं ठरलें, तेव्हां अमेरिकेंत लक्ष्मी पाणी भरीत होती. १९२८ सालीं कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं या कार्यासाठीं दहा लाख डॉलरच्या कर्जरोख्यांस संमति दिली. पुढच्याच वर्षीं न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि पाहतां पाहतां साऱ्या जगाचा व्यापार बसला. बेकारांच्या रांगा लागलेल्या असतां खेळांवर पैसा उधळणें कोणास रुचणार? आधीं शिधा द्या, खेळ मागाहून, अशी मागणी करणारे निदर्शक खुद्द कॅलिफोर्नियाच्या राजधानींत जमले. त्यांतून युरोपीय खेळाडूंना आधीं अटलांटिक महासागर आणि मग आगगाडीनें अमेरिकेचें सबंध खंड ओलांडावयाचें. १९२८ सालीं अॅम्स्टरडॅमला ४६ राष्ट्रांचे २,८८३ खेळाडू जमले होते. लॉस एंजेलिसला आले ३७ राष्ट्रांचे १,३३२. म्हणजे अर्ध्याहून अधिक पानें रिकामीं राहिलीं.

यजमानांनीं या संकटांतून काढलेली वाट एखाद्या काटकसरी गृहिणीस शोभण्यासारखी होती. आगबोटींच्या व रेल्वेच्या कंपन्यांकडून त्यांनीं भाड्यांत सवलती मिळविल्या, आणि बॉल्डविन हिल्स नांवाच्या टेंकड्यांवर पुरुष खेळाडूंसाठीं एक तात्पुरतें गांव वसविलें. दोन दोन खोल्यांचीं सुमारें साडेपांचशें लहान घरें, एकेका घरांत चार जण, जेवणाची सोय आपापल्या देशाच्या रुचीप्रमाणें, आणि दर माणशीं दर दिवशीं खर्च दोन डॉलर. (स्त्रियांची व्यवस्था शहरांतील एका हॉटेलांत होती.) ऑलिंपिक ग्रामाविषयीं पुढें विश्वबंधुत्वाचीं मोठमोठीं व्याख्यानें झालीं, परंतु त्याचा जन्म झाला तो या दोन डॉलरांच्या हिशेबापोटीं, हें विसरतां येत नाहीं. सामने संपतांच तीं घरें विकूनही टाकण्यांत आलीं.

तरी दोन डॉलर ज्यांच्याजवळ नव्हते त्यांनीं काय करावें? ब्राझीलजवळ पैसा नव्हता, कॉफी होती. आणि कॉफीचा भाव इतका गडगडला होता कीं सरकार स्वतःच ती जाळून टाकीत होतें. तेव्हां ‘इताकिसे’ या आगबोटींत खेळाडूंबरोबर कॉफीच्या सुमारें पन्नास हजार गोणी भरल्या, आणि वाटेंतील बंदरांवर त्या विकून खर्च भागवावा असें ठरलें. परंतु मंदींत गिऱ्हाईक मिळेना. लॉस एंजेलिसच्या बंदरावर उतरावयाचें तर माणशीं एक डॉलर कर पडे. तेवढाही सर्वांसाठीं निघेना. मग ज्यांच्याकडून कांहीं आशा होती असे निवडक खेळाडू उतरविले, आणि बाकीच्यांना घेऊन बोट गिऱ्हाईक शोधीत उत्तरेस निघून गेली. उतरलेल्यांत मारिया लेंक ही सतरा वर्षांची जलतरणपटु होती. दक्षिण अमेरिकेंतून ऑलिंपिकला गेलेली ती पहिली स्त्री. बोटीवर राहिलेल्यांस किनारा दिसत होता, स्पर्धा दिसावयाची नव्हती. महिनाभर प्रवास करून एका डॉलरासाठीं उंबरठ्यावरून परतणें याहून वाईट तो पराभव कोणता?

याच सामन्यांत प्रवासखर्चाचा एक उलटा खटलाही झाला. फिनलंडचा पावो नुर्मी हा नऊ सुवर्णपदकांचा धनी. मॅरेथॉन जिंकून आपली कारकीर्द संपवावी या इच्छेनें तो लॉस एंजेलिसला आला होता. परंतु १९२९ सालच्या जर्मनींतील दौऱ्यांत त्यानें वाजवीपेक्षां जास्त प्रवासखर्च घेतला, या आरोपावरून त्यास धावूं दिलें नाहीं. हौशी खेळाडूनें पैशास शिवूं नये, हा नियम ज्यांनीं केला त्यांना स्वतःच्या तिकिटाची चिंता कधीं पडली नसावी. लहानपणीं वडील वारल्यामुळें शाळा सोडून निरोप्याचें काम करणाऱ्या नुर्मीनें ‘वाजवी’ शब्दाचा अर्थ कोणत्या कोशांत पाहावयाचा होता?

आपल्या हॉकीच्या संघाची कथाही याच वहींतील. अमेरिकेविरुद्ध आपण २४ गोल केले व एक घेतला, हें आपल्या मुलांना पाठ असतें. आणि ध्यानचंद व रूपसिंग या बंधूंच्या कौशल्यास उणेपणा आणण्याचा प्रस्तुत लेखकाचा मुळींच हेतु नाहीं. परंतु त्या स्पर्धेंत संघ तीनच होते: भारत, जपान आणि अमेरिका. मागील खेपेस दुसरा व तिसरा क्रमांक मिळविणारे हॉलंड व जर्मनी हॉकीसाठीं आलेच नव्हते. तेव्हां त्या चोविसांमागें रिकाम्या पानांचाही कांहीं हात आहे. आपला संघ तरी कसा गेला? जातांना ठिकठिकाणीं सामने खेळत, सुमारें सहा आठवडे समुद्रप्रवास करीत, आणि डोक्यावर कर्ज घेऊन. सुवर्णपदक हातीं आल्यावर तो थेट घरीं परतला नाहीं; तें कर्ज फेडण्यासाठीं अमेरिकेंत व युरोपांत खेळत खेळत आला. त्या एका दौऱ्यांत ३७ सामने झाले आणि ३३८ गोल. पदक देशाचें, आणि तिकिटाचे पैसे मात्र ज्यानें त्यानें घाम गाळून फेडावयाचे.

वीस वर्षांनीं, देश स्वतंत्र झाल्यावरही, हा हिशेब फारसा बदलला नव्हता. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्यानें. १९५२ सालीं हेलसिंकीस जावयाचें तर तो आधारही राहिला नव्हता. गांवकऱ्यांनीं वर्गणी जमविली, तरी पुरेना. तेव्हां राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर सात हजार रुपयांस गहाण टाकलें. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. ऑलिंपिकमध्यें वैयक्तिक पदक मिळविणारे ते स्वतंत्र भारताचे पहिले खेळाडू. सत्काराचे हार उतरल्यावर त्यांनीं कुस्त्यांचीं मैदानें भरविलीं, त्यांत स्वतः लढले, आणि त्या उत्पन्नांतून प्राचार्यांचें घर सोडवून दिलें.