देवमाशालाही पाणबुड्यांचा आजार होतो का?

सोडावॉटरची बाटली उघडली की बुडबुडे फसफसून वर येतात. दाबाखाली विरघळलेला वायू दाब कमी होताच बाहेर पडतो. खोल पाण्यात टाकीतली हवा घेणारा पाणबुड्या घाईने वर आला, तर त्याच्या रक्तातही असेच घडते. हे बुडबुडे नायट्रोजनचे असतात, असे फ्रान्सचे पॉल बेर यांनी १८७८ मध्ये दाखवले. त्यातून सांधेदुखी, चक्कर, कधी अर्धांगवायूही होतो.

मग तुम्ही विचाराल, रोज खोल बुड्या मारणाऱ्या देवमाशाचे काय? तोही आपल्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेणारा सस्तन प्राणी आहे.

१९४० मध्ये पेर स्कोलांडर यांनी याचे उत्तर सुचवले. देवमासा किंवा सील पाण्याखाली नवी हवा घेत नाही. खोलवर गेल्यावर दाबाने त्याच्या फुप्फुसातले वायुकोश मिटतात आणि उरलेली हवा श्वासनलिकेत ढकलली जाते. तिथून नायट्रोजन रक्तात फारसा शिरत नाही. १९८५ मध्ये अंटार्क्टिकातल्या वेडेल सीलच्या रक्ततपासणीवरून त्यांची फुप्फुसे २५ ते ५० मीटर खोलीवर मिटतात असे दिसले. त्यामुळे हे प्राणी या आजारापासून सुरक्षित आहेत, अशी समजूत पक्की होत गेली.

२००२ च्या सप्टेंबरात या समजुतीला धक्का बसला. स्पेनच्या कॅनरी बेटांजवळ नौदलांचा सराव चालू होता. सोनारचा वापर सुरू झाल्यावर काही तासांतच चोचीचे देवमासे किनाऱ्याला लागू लागले. एकूण १४ देवमासे सापडले. त्यांपैकी दहांच्या शवविच्छेदनात रक्तवाहिन्यांत वायूचे बुडबुडे आणि चरबीचे कण आढळले. आवाजाने बिथरून त्यांनी बुडी मारण्याची नेहमीची पद्धत सोडली असावी, हे सर्वाधिक मानले जाणारे स्पष्टीकरण आहे. २००४ मध्ये स्पेनने या बेटांभोवती असा सोनार वापरण्यास बंदी केली. पुढच्या दशकात तिथे अशी सामूहिक घटना घडली नाही.

त्याच वर्षी आणखी एक पुरावा आला. संग्रहालयांतले स्पर्म व्हेलचे सांगाडे तपासले, तर हाडांवर खड्डे दिसले. वय जितके जास्त, तितके खड्डे जास्त. हे सांगाडे १११ वर्षांच्या काळातले होते, म्हणजे काही तर सोनार येण्याआधीचे. बुडबुड्यांनी हाडांचा रक्तपुरवठा थोडा थोडा तोडला असावा, असा संशोधकांचा निष्कर्ष होता.

म्हणजे देवमाशाला संरक्षण आहे, पण अभय नाही. त्याची फुप्फुसे त्याला वाचवतात, तशीच त्याची बुडी मारण्याची सवयही.

तुमच्याकडे तर तशी फुप्फुसेही नाहीत. तारकर्लीला किंवा अंदमानला स्कूबा करणार असाल, तर प्रशिक्षकाच्या सांगण्याप्रमाणे सावकाश वर या. एकापेक्षा जास्त बुड्या झाल्या असतील, तर विमानप्रवासाआधी किमान १८ तास जाऊ द्या. नंतर सांधे दुखले, मुंग्या आल्या, चक्कर आली किंवा धाप लागली, तर “पोहून अंग दुखतंय” म्हणून झोपून राहू नका. लगेच डॉक्टरांकडे जा आणि आपण बुडी मारली होती हे आवर्जून सांगा. लवकर मिळालेला ऑक्सिजन आणि दाबकक्षातले उपचार यांनी बहुतेक रुग्ण बरे होतात.