विल्मिंग्टन, १८९८ : जेत्यांनीच जपलेला पुरावा

नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन शहरात १० नोव्हेंबर १८९८ रोजी सकाळी एका वृत्तपत्राची कचेरी जळाली आणि दुपारी चारच्या सुमारास नगरसरकार बदलले. मधल्या तासांत किती कृष्णवर्णीय माणसे मारली गेली, याबद्दल कागदपत्रांत एकवाक्यता नाही. अमेरिकेच्या या दक्षिणी राज्यात हा प्रकार पुढची कित्येक दशके ‘दंगल’ म्हणून सांगितला गेला : कृष्णवर्णीयांनी कुरापत काढली, गोऱ्या नागरिकांचा संयम सुटला आणि जबाबदार मंडळींनी शहर सावरले. हा वृत्तान्त त्या दिवशी जिंकलेल्यांनीच रचला. त्यांचीच कागदपत्रे तारखेच्या क्रमाने लावली, की तो टिकत नाही.

यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळाला. १८७७ पर्यंत दक्षिणेतल्या राज्यांत गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने सत्ता परत मिळवली होती. नॉर्थ कॅरोलायनात मात्र १८९० च्या दशकात वेगळे घडले. शेतमालाच्या पडलेल्या भावांनी टेकीला आलेले गोरे शेतकरी पॉप्युलिस्ट पक्षात गेले आणि कृष्णवर्णीयांचा मोठा आधार असलेल्या रिपब्लिकन पक्षाशी त्यांनी युती केली. ‘फ्यूजन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या युतीने १८९४ मध्ये विधिमंडळ जिंकले. १८९६ मध्ये डॅनियल रसेल गव्हर्नरपदी निवडून आले आणि त्याच वर्षी जॉर्ज हेन्री व्हाइट हे कृष्णवर्णीय वकील काँग्रेसवर निवडून गेले.

केप फिअर नदीवरचे विल्मिंग्टन हे तेव्हा राज्यातले सर्वांत मोठे शहर. १८९० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे २० हजार, त्यांपैकी ११ हजारांहून अधिक कृष्णवर्णीय. पोलिसांत, अग्निशमन दलात, नगरमंडळात कृष्णवर्णीय होते. बंदरावरचा कस्टम अधिकारी जॉन डॅन्सी कृष्णवर्णीय होता. पण महापौर सायलस राइट गोरा होता आणि नगरमंडळात बहुमतही गोऱ्यांचेच होते. १८९८ च्या प्रचारात ज्या ‘नीग्रो राजवटी’ची हाकाटी झाली, ती या शहरातही नव्हती.

ती हाकाटी कशी उभी केली गेली, ते राली शहरातल्या ‘न्यूज अँड ऑब्झर्व्हर’ या पत्राच्या फायलींत दिसते. डेमोक्रॅटिक पक्षाचे राज्याध्यक्ष फर्निफोल्ड सिमन्स यांनी मोहीम आखली आणि संपादक जोसेफस डॅनियल्स यांनी तिला पत्र दिले. नॉर्मन जेनेट या व्यंगचित्रकाराने २७ सप्टेंबरला काढलेले चित्र नीट पाहण्यासारखे आहे. वटवाघळाचे पंख फुटलेला एक कृष्णवर्णीय राक्षस राज्यावर झेपावतो आहे. पंखांवर ‘नीग्रो रूल’ अशी अक्षरे आहेत, पंजांत गोऱ्या स्त्रिया सापडल्या आहेत आणि पायाशी फ्यूजनची मतपेटी आहे. मतपेटी आणि स्त्री एकाच चौकटीत आणली, की प्रचाराला दुसऱ्या मुद्द्याची गरज उरत नव्हती. पुढे अमेरिकेचे नौदलमंत्री झालेल्या डॅनियल्स यांनी म्हातारपणीच्या आत्मचरित्रात कबूल केले, की त्या काळात आलेल्या बातम्यांची शहानिशा करण्याची फारशी काळजी त्यांच्या पत्राने घेतली नाही.

प्रचाराच्या या दारूला ठिणगी विल्मिंग्टनमधूनच मिळाली, असे सांगितले जाते. जॉर्जियातल्या रेबेका फेल्टन यांनी १८९७ मध्ये एका भाषणात गोऱ्या स्त्रियांच्या रक्षणासाठी झुंडबळींचे समर्थन केले होते. ते भाषण विल्मिंग्टनच्या पत्रात ऑगस्ट १८९८ मध्ये पुन्हा छापले गेले. त्यावर अलेक्झांडर मॅन्ली यांच्या ‘डेली रेकॉर्ड’ या कृष्णवर्णीयांच्या दैनिकाने १८ ऑगस्टला उत्तर दिले : असे कित्येक संबंध दोघांच्या राजीखुशीचे असतात, आणि कृष्णवर्णीय स्त्रियांशी गोरे पुरुष काय करतात तेही पाहा. आज आपण हे उत्तर वाचतो ते मुख्यतः विरोधकांनी छापलेल्या उताऱ्यांतून. खुद्द ‘रेकॉर्ड’चे मोजकेच अंक हाती लागले आहेत. विरोधी पत्रांनी तो मजकूर निवडणुकीपर्यंत पुन्हा पुन्हा छापला. म्हणजे संताप खरा असला, तरी तो अडीच महिने जपून तेवता ठेवला गेला होता.

ऑक्टोबरमध्ये लाल सदरे घातलेल्या सशस्त्र स्वारांच्या टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. २४ तारखेला माजी काँग्रेस सदस्य आणि यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले आल्फ्रेड मूर वॉडेल यांनी थॅलियन हॉलमध्ये भाषण केले. प्रेतांनी केप फिअरचे पात्र तुंबले तरी बेहत्तर, पण ही राजवट संपवू, असा त्याचा आशय होता. शहरातल्या व्यापाऱ्यांनी निवडणुकीआधीच १,२०० डॉलर वर्गणी काढून एक मशीनगन घेतली होती. ज्या दंगलीची कल्पनाच नव्हती, तिच्यासाठी मशीनगन कशाला लागली?

८ नोव्हेंबरला मतदान झाले आणि डेमोक्रॅटांनी राज्य जिंकले. मतदान करून विल्मिंग्टनहून परतणाऱ्या गव्हर्नर रसेल यांना लाल सदरेवाल्यांपासून वाचण्यासाठी रेल्वेच्या सामानाच्या डब्यात लपावे लागले. पण नगरसरकारची निवडणूक या दिवशी नव्हती; ती पुढच्या मार्चमध्ये व्हायची होती. चार महिने थांबायची तयारी नव्हती, म्हणून पुढचे दोन दिवस घडले.

९ नोव्हेंबरला न्यायालयाच्या इमारतीत सभा भरली. वॉडेल यांनी ‘गोऱ्यांचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा’ वाचून दाखवला आणि त्यावर ४५७ जणांनी सह्या केल्या. आफ्रिकी वंशाच्या माणसांचे राज्य आम्ही यापुढे मानणार नाही आणि मॅन्ली यांनी २४ तासांत शहर सोडावे, अशी त्यातली भाषा होती. संध्याकाळी ३२ कृष्णवर्णीय पुढाऱ्यांना बोलावून तो ऐकवण्यात आला आणि सकाळी साडेसातच्या आत वॉडेल यांच्या घरी उत्तर पोचवायला सांगितले. उत्तर लिहिले गेले आणि ते नमते होते : मॅन्ली यांच्या लेखाला आम्ही जबाबदार नाही, पण तुमची मागणी पुरी व्हावी म्हणून आपले वजन वापरू. ते पोचवण्याचे काम आर्मंड स्कॉट या तरुण वकिलाकडे होते. हत्यारबंद माणसांनी भरलेल्या रस्त्यांतून जाण्याऐवजी त्याने पत्र टपालात टाकले. मुदतीत ते पोचले नाही. मॅन्ली तर शहर सोडून केव्हाच गेले होते, म्हणजे मुख्य मागणी आधीच पुरी झालेली होती.

तरीही दहा तारखेला सकाळी शस्त्रागारापाशी जमाव जमला आणि वॉडेल यांच्या मागोमाग सातव्या रस्त्यावरच्या ‘रेकॉर्ड’च्या कचेरीकडे गेला. इमारत जळाली. जळक्या इमारतीसमोर बंदुका घेऊन उभ्या राहिलेल्या माणसांचे छायाचित्र उपलब्ध आहे. चेहरे लपवण्याची गरज कोणालाच वाटलेली नाही. त्यानंतर ब्रुकलिन या वस्तीत गोळीबार सुरू झाला आणि लाइट इन्फन्ट्री या स्थानिक पलटणीची तुकडी तिथे उतरली. दुपारी महापौर आणि नगरमंडळाच्या सदस्यांनी एकेक करून राजीनामे दिले. प्रत्येक रिकाम्या जागी लगेच नवा सदस्य घेतला गेला आणि वॉडेल महापौर झाले. दोन आठवड्यांनी ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात त्यांनी स्वतःच लिहिले, की हे सारे कायद्याला अक्षरशः धरून झाले.

दुसऱ्या बाजूचा एक कागद राष्ट्रीय अभिलेखागारात सापडतो. १३ नोव्हेंबरला विल्मिंग्टनमधल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीने राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ले यांना पत्र लिहिले. आमच्याकडे हत्यारे नव्हती, लोक जंगलात आणि दलदलीत लपले आहेत, मदत पाठवा, असे त्यात आहे. खाली सही नाही. जीव वाचवायचा तर नाव लिहिता येत नाही, असे ती सांगते. मॅकिन्ले यांनी सैन्य पाठवले नाही. संघराज्याच्या वकिलाची चौकशी कोणावरही आरोप न ठेवता बंद झाली.

१८९९ च्या विधिमंडळाने मताधिकाराची दुरुस्ती मंजूर केली आणि ऑगस्ट १९०० मध्ये मतदारांनी तिच्यावर शिक्का मारला. साक्षरतेची परीक्षा आणि डोईपट्टी आली. ज्यांना किंवा ज्यांच्या पूर्वजांना १ जानेवारी १८६७ रोजी किंवा त्यापूर्वी मत होते, त्यांना परीक्षेतून सूट मिळाली. त्या तारखेला राज्यात मत फक्त गोऱ्यांना होते. नोंदणीकृत कृष्णवर्णीय मतदार १८९६ मधल्या सुमारे १,२६,००० वरून १९०२ मध्ये सुमारे ६,१०० वर आले.

कट होता, हे पुढे जेत्यांच्या कौतुकातूनच बाहेर आले. हॅरी हेडन या स्थानिक लेखकाने १९३६ च्या पुस्तिकेत महिनोन्‌महिने आखणी करणाऱ्या नऊ जणांच्या गुप्त मंडळाची नावे अभिमानाने छापली. राज्याने २००० साली नेमलेल्या आयोगाने २००६ च्या अहवालात हेच सरकारी शिक्क्यानिशी मांडले. मृतांचा निश्चित आकडा आयोगालाही देता आला नाही. वेगवेगळ्या अभ्यासकांचे अंदाज १४ पासून ३०० पर्यंत जातात. त्यांतल्या जोशुआ हॅल्सी यांची कबर २०२१ मध्ये ओळखली गेली.

विल्मिंग्टन हा क्षणिक भडका नव्हता. जाहीरनाम्याची, मशीनगनची आणि कायद्याची तारीख पाहिली, तर निवडणुकीने मिळालेला अधिकार निवडणुकीबाहेर काढून घेण्याची ही मोहीम होती आणि ती यशस्वी झाली. जॉर्ज हेन्री व्हाइट यांची मुदत मार्च १९०१ मध्ये संपली. नॉर्थ कॅरोलायनाने त्यानंतर काँग्रेसवर कृष्णवर्णीय प्रतिनिधी निवडून दिला, तो १९९२ मध्ये.