घरगुती स्वच्छतेची पर्यावरणस्नेही परंपरा आणि श्रमाचा प्रश्न : विदर्भाच्या संदर्भात

प्रस्तावना

'पर्यावरणस्नेही स्वच्छता' ही संज्ञा अलीकडची असली, तरी रासायनिक द्रव्यांवाचून घर स्वच्छ राखण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तिचा गौरव आज वारंवार होतो. परंतु ती कोणत्या घरात आणि कोणाच्या श्रमावर चालत होती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात विदर्भाच्या, विशेषतः नागपूरच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

ऋतू, भिंत आणि द्रव्ये

नागपूरची हवा वर्षाचा बराच काळ कोरडी असते. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत मात्र ती दमट होते. घराच्या स्वच्छतेचे चक्र याच काळाशी जोडलेले होते. मातीच्या भिंती ओलावा शोषून घेत आणि हवा कोरडी होताच तो सोडून देत. पावसाळा सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या आधी, भिंतींना चुना किंवा पांढरी माती लावली जाई व जमीन शेणाने सारवली जाई. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहसा धरत नाही. मात्र हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा हा गुण ओसरत जातो. म्हणून चुना पुनःपुन्हा लावणे आवश्यक ठरते. भांड्यांचा तेलकटपणा राखेतील क्षारांनी निघे, तर रिठ्यातील सॅपोनिनमुळे कपडे धुता येत. तथापि ही सर्वच द्रव्ये निर्दोष नव्हती. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात, हे येथे विसरता येत नाही.

शासन आणि रसायने

1896 मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि 1897 मध्ये साथरोग कायदा झाला. त्यानंतर घराची स्वच्छता हा शासनाचाही विषय बनला. घरे रिकामी करून जंतुनाशके फवारण्यात आली आणि भिंतींना चुना लावण्यात आला. 1953 च्या राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रमात घरांच्या आतील भिंतींवर डीडीटीची फवारणी सुरू झाली. हे औषध भिंतीवर टिकून राहणे आवश्यक होते. भिंत पुन्हा लिंपली की ते झाकले जाई. अशा प्रकारे स्वच्छतेच्या दोन कल्पना एकाच भिंतीवर परस्परांच्या आड आल्या. पुढे सर्फ (1959) व निरमा (1969) यांसारख्या धुण्याच्या पावडरी बाजारात आल्या आणि रिठा व राख मागे पडली.

केरसुणी आणि श्रम

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी केरसुणीची पूजा होते. शिंदीच्या पानांची ही केरसुणी वळण्याचे काम परंपरेने मातंग समाजाकडे होते. वस्तू पूज्य ठरली. ती घडविणारा मात्र गावकुसाबाहेरच राहिला. सारवणे, पोतारणे, भांडी घासणे ही घरातील कामे स्त्रियांच्या वाट्याला आली. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे 1876 मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी दिवसा स्वतः गाव झाडले आणि रात्री कीर्तन केले. त्यांच्या कार्याचे महत्त्व केवळ स्वच्छतेच्या उपदेशात नाही. जातीने ठरविलेले काम त्यांनी सर्वांचे काम मानले, यात ते आहे. 2000-01 मध्ये राज्य शासनाने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचेच नाव दिले.

आजचा संदर्भ

1936 च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यासाची स्थापना झाली आणि पुढील दशकांत शहर नियोजित वसाहतींतून विस्तारत गेले. पूर्व नागपुरातील नंदनवनसारख्या भागांत आज सिमेंटची घरे दिसतात. सिमेंटच्या भिंतीवर ऑइल पेंट दिल्यास आतील ओलावा सहजपणे बाहेर पडत नाही व पावसाळ्यात बुरशी धरते. अशा भिंतीवर व्हिनेगर वा कडुनिंबाचे पाणी शिंपडून मूळ कारण जात नाही. त्यासाठी गळती थांबविणे आणि हवा खेळती ठेवणे आवश्यक आहे. शिवाय अनेक घरांत सफाई करणारे हात घरेलू कामगार स्त्रियांचे असतात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो आणि तो प्रथम त्यांच्याच श्वासात जातो. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात 2008 मध्ये कल्याण मंडळाचा कायदा झाला; तथापि घरात कोणते द्रव्य वापरावे, याचा निर्णय बहुधा घरमालकच घेतात.

निष्कर्ष

जुनी रीत टिकली ती केवळ द्रव्यांच्या गुणामुळे नव्हे. ऋतू, भिंत आणि श्रम यांची सांगड तिच्यामागे होती. त्यांपैकी ऋतू आणि भिंत यांची सांगड अनुकरणीय आहे, श्रमाची विषम वाटणी मात्र नाही. म्हणून पर्यावरणस्नेही स्वच्छतेचे मूल्यमापन करताना नदी-नाल्यांबरोबरच सफाई करणाऱ्या व्यक्तीच्या आरोग्याचाही विचार होणे अगत्याचे आहे.